किनाऱ्याचे कलम

वेंगुर्ल्यास आमच्या वाडीत, विहिरीच्या पश्चिमेस, हापूसचे एक जुने कलम उभे आहे. त्याच्या बुंध्यावर जमिनीपासून हातभर उंचीवर एक जाडसर कंगोरा आहे, आणि दुपारचे ऊन तिरपे झाले म्हणजे तो इतका ठसठशीत दिसतो की, एखाद्याने झाडाच्या कमरेला करगोटाच बांधला असावा. कंगोऱ्याखालची साल काळपट, भेगाळ आणि खरखरीत. वरची त्या मानाने सपाट व करडी. मी निवृत्त होऊन घरी बसू लागल्यावर पहिल्या पावसाळ्यात, कलमे बांधावयास येणाऱ्या आबांना त्या कंगोऱ्याविषयी विचारले, तेव्हा हातातला चाकू पायजम्याला पुशीत ते म्हणाले, "मास्तरांनू, ह्यां येक झाड नाय. दोन आसत. फक्त भांडूक विसारली."

कोय रुजवून वाढविलेला खुंट रायवळीचा असतो; त्याचा शेंडा उडवून मध्ये उभी चीर द्यावयाची, हापूसच्या कलमकाडीचे टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखे करावयाचे, ते त्या चिरेत अशा बेताने बसवावयाचे की एकाच्या सालीखालचा हिरवा थर दुसऱ्याच्या हिरव्या थराला भिडेल, आणि मग प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून वारा-पावसात तो सांधा हलणार नाही अशी तजवीज करावयाची, एवढीच या विद्येची संथा. पुढे रस एक होतो, बुंधा एक होतो, सावली एक होते. परंतु खुंटाला पावसाळ्यात जे फुटवे येतात ते रायवळीचेच येतात आणि वेळच्या वेळी खुडावे लागतात. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकविताना जी गोष्ट मला नीट सांगता आली नव्हती ती त्या बुंध्याने एका दुपारी समजावून दिली, म्हणून त्याच्यापासून आरंभ केला. ती गोष्ट अशी की, पृथ्वीवरील खंडांच्या कडा बहुतांशी कलमी आहेत.

'खंड' हा शब्दही आमच्याकडे मोठा गमतीचा आहे. शाळेच्या नकाशात तो आशिया-आफ्रिकेचा वाचक. १९४८ च्या कुळकायद्यापूर्वीच्या दप्तरांत तो कुळाने जमीनमालकाच्या घरी नेऊन घालावयाच्या भाताचा वाचक. आणि मूळ संस्कृतात त्याचा सरळ अर्थ तुकडा. आम्ही मुलांना खंड म्हणजे अखंड, अढळ भूमी असे घोकून घेत असू, तेव्हा शब्द स्वतःच आमच्या विरुद्ध साक्ष देत होता, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नाही.

आता हे तुकडे येतात कोठून आणि खंडाच्या कडेला चिकटतात कसे, हे पाहू. पृथ्वीचे कवच काही मोठ्या भूपट्टांत विभागलेले असून ते पट्ट वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने सरकत असतात, हे आता शाळकरी पोरही सांगते. त्यातली मेख मात्र समुद्रतळाच्या स्वभावात आहे. महासागराच्या मध्यभागी असलेल्या लांबच लांब पर्वतरांगांच्या भेगेतून शिलारस वर येतो, थिजून त्याचा बेसाल्टचा नवा तळ होतो, तो दोहो बाजूंस सरकत जातो, जसजसा जुना होतो तसतसा थंड व जड होत जातो, आणि अखेरीस एखाद्या खंडाच्या किंवा द्वीपमालेच्या कडेशी येऊन तिच्याखाली तिरपा बुडी मारून पृथ्वीच्या प्रावरणात परत जातो. समुद्रतळाची वहिवाट अशी मुदतीची आहे. आजच्या महासागरांत २० कोटी वर्षांपेक्षा जुना तळ शोधू गेल्यास जवळजवळ सापडत नाही. खंडाच्या दगडांची गोष्ट निराळी. ग्रॅनाइटसारख्या खडकाची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट, समुद्रतळाच्या बेसाल्टची ३.० च्या आसपास आणि खालच्या प्रावरणाची ३.३, म्हणून खंडाचा पस्तीस-चाळीस किलोमीटर जाडीचा हलका ठोकळा कितीही दाबला तरी सहसा बुडत नाही, तळाची सात-एक किलोमीटरांची पातळ पाटी मात्र तिच्याखाली थंड होऊन चिकटलेल्या प्रावरणाच्या वजनाने बुडते.

या बुडणाऱ्या पाटीवर उतारू असतात. समुद्रातले विझलेले ज्वालामुखी, ज्वालामुखी बेटांच्या माळा, लाव्ह्याची विस्तीर्ण पठारे, आणि कोणे एके काळी दुसऱ्याच खंडापासून फाटून निघालेल्या चिंचोळ्या पट्ट्या. पाटी खाली जाऊ लागली की या उतारूंपैकी जे जाड व हलके असतील ते तिच्याबरोबर खाली जाण्यास राजी होत नाहीत. नारळाची कवड खवणीवर फिरविताना खोबरे खाली परातीत पडते आणि करवंटी हातात उरते, तद्वत् तळावरचा गाळ खंडाच्या धारेने खरवडून निघतो व त्याची रास कडेला साचते, हा त्यातला किरकोळ प्रकार होय. मोठा तुकडा आला म्हणजे मात्र तो खंडाच्या कडेवर येऊन आदळतो, चेपतो, काही अंशी खाली दबतो, काही अंशी वर चढतो, आणि मागच्या समुद्रतळाने त्याच्या पाठीमागे बुडण्यासाठी नवी जागा शोधली की तो तेथेच कायमचा रहिवासी होतो. अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर याकुटाट नावाचा तुकडा आजही असा घुसत असून सेंट इलायसची बर्फाच्छादित रांग त्याच्या धक्क्याने उंचावत आहे; तैवान बेटावर लुझोनची ज्वालामुखी माळ आशियाच्या कडेला येऊन भिडली आहे. म्हणजे ही कलमे बांधण्याचे काम काही पुराणकाळातच आटोपले असे नाही.

इंग्रजीत अशा तुकड्याला 'टेरेन' म्हणतात. मराठीत रूढ शब्द नाही. मी आपल्या सोयीसाठी त्यास भूशकल म्हणतो. शकल म्हणजे ठिकरी; आणि ठिकरी म्हटले की फुटलेल्या मडक्याचीही आठवण राहते, हा त्या शब्दाचा गुण.

या विचाराची फिर्याद प्रथम नीट मांडली गेली ती उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामध्ये चुनखडकाच्या एका पट्ट्यात फ्युसुलिनिड नावाच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, एकपेशीय समुद्री जीवांचे अवशेष सापडतात. ते पर्मियन काळातले, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून पूर्वीचे. नवल असे की, त्यांची घडण शेजारच्या अमेरिकन खडकांतील त्याच काळच्या जीवांशी न जुळता, प्रशांत महासागरापलीकडच्या आशियातील जीवांशी जुळते. जेम्स माँगर व चार्ल्स रॉस या दोघांनी १९७१ मध्ये हा विसंवाद उजेडात आणला. गावातल्या एखाद्या घराची जोती, चूल, तुळशीवृंदावन सर्व घाटावरच्या पद्धतीचे निघावे आणि शेजारची दोन्ही घरे निखळ मालवणी असावीत, असा तो प्रकार होता. घर उचलून आणले असल्यावाचून त्याची उपपत्ती लागेना.

दुसरा साक्षीदार चुंबकत्वाचा. लाव्हा थिजून निवताना त्यातल्या लोहयुक्त कणांचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या दिशेने जुळून पक्के होते; विषुववृत्ताजवळ ते क्षेत्र जमिनीस समांतर असते व ध्रुवाकडे जावे तसे ते अधिकाधिक खाली कलते, म्हणून दगडातल्या चुंबकत्वाचा कल मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला हे कळते. दगडाच्या अंगावरच असा जन्मस्थळाचा दाखला लिहिलेला असतो. अलास्कातील रँगल पर्वताच्या ट्रायॅसिक काळातील लाव्ह्याचा असा दाखला काढला तेव्हा तो विषुववृत्ताच्या आसपासचा निघाला. आज तेथे हिमनद्या आहेत. त्याच जातीचा लाव्हा, वर त्याच क्रमाने चुनखडक, असा सारखा संच दक्षिणेस व्हँकुव्हर बेटापर्यंत तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेला आहे, हे ध्यानी घेऊन डेव्हिड जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये या सर्व तुकड्यांना मिळून 'रँगेलिया' असे नाव दिले. पुढे १९८० मध्ये पीटर कोनी, जोन्स व माँगर यांनी 'नेचर' नियतकालिकात जो लेख लिहिला त्यात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम पर्वतमय पट्ट्याचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग अशाच उपऱ्या तुकड्यांचा असावा असे प्रतिपादन केले, आणि त्या तुकड्यांना त्यांनी जे विशेषण लावले ते फौजदारी कचेरीतले होते: संशयित. जोवर तुकड्याचे मूळ गाव सिद्ध होत नाही तोवर तो संशयित. मला तो शब्द फार आवडला. विज्ञानाने आरोप ठेवताना पाळलेला हा संयम वृत्तपत्रे पाळतील तर बरे.

परंतु अलास्का आणि कॅनडा दूर राहिले. आपल्या अंगणात असा एखादा सांधा आहे काय? आहे, असे म्हणणारे विद्वान आहेत, आणि तो वेंगुर्ल्याहून एका दिवसात जाऊन परत येण्याच्या अंतरावर आहे.

२०१३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सी. ईश्वर-कुमार आणि के. सजीव, ब्रिटिश भूशास्त्रज्ञ ब्रायन विंडली व इतर सहकारी यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. गोव्याच्या दक्षिणेस कारवारच्या बाजूचा जो किनारपट्टीचा भाग आहे, तो आणि त्याच्या पूर्वेचा धारवाडचा प्राचीन भूखंड हे मुळात एक नव्हेत, तर दोन निरनिराळे तुकडे असून त्यांच्यामधून कुमट्याजवळ सुमारे पंधरा किलोमीटर रुंदीचा, वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारा शिवणीचा पट्टा गेला आहे, असा त्यांचा सिद्धांत. पश्चिमेच्या तुकड्याला त्यांनी कारवार खंड म्हटले आणि शिवणीला कुमटा सीवन. कारवार खंडातील ग्रॅनाइटसदृश खडकांचे वय सुमारे ३२० कोटी वर्षे आले. आणि त्याच वयोमानाचे, तशाच घडणीचे खडक समुद्रापलीकडे मादागास्करच्या ईशान्य किनाऱ्यावर, आंतोंजिल नावाच्या भागात आहेत. मादागास्करमध्येही बेत्सिमिसारका या नावाची एक शिवण पूर्वीच वर्णिलेली होती. कुमट्याची शिवण ही तिचीच तुटलेली पुढची बाजू, असे या मंडळींचे म्हणणे.

हे वाचल्यावर मला घरी बसवेना. मार्गशीर्षात एके दिवशी सावंतवाडी स्थानकावर पहाटेची गाडी धरली आणि पेडणे, मडगाव, कारवार, अंकोला करीत कुमट्यास उतरलो. माझ्या मनात उगाच अशी कल्पना की, शिवण म्हटल्यावर काहीतरी भेग, दरी, निदान एखादी रेघ तरी दिसेल. तसे काही नाही. नारळी, भातखाचरे, जांभ्याचे तांबडे गडगे, गोठ्यांवर वाळत घातलेले गवत, अगदी आमच्या उभादांड्याला दिसावे तसे सर्व. एका रस्त्याच्या कापलेल्या दरडीपाशी थांबलो आणि खाली पडलेल्या ढिगाऱ्यातून तळहाताएवढा एक दगड उचलला. तो अभ्रकी शिस्ट होता. कागदाची चवड दाबून ठेवावी तसे त्याचे पापुद्रे, आणि बोटाने चोळले की चंदेरी चुरा निघून तो बोटाच्या रेषांत भरत होता. कडेने पाहिले तेव्हा पापुद्रे सरळ नव्हते. हातरुमाल मुठीत चुरगाळून सोडावा तसे ते वळले होते. बोटभर रुंदीत मी सात वळणे मोजली.

शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तपासला तोच हा दगड असे माझे म्हणणे नाही. पण जातभाई खरा. त्या पट्ट्यातील काही शिस्टांत फेंगाइट नावाचे पांढरे अभ्रक आणि गार्नेटचे खडे एकत्र सापडतात, आणि या खनिजांच्या रासायनिक घडणीवरून असे अनुमान निघते की, हे खडक एके काळी पन्नास किलोमीटरांहून अधिक खोल गेले होते, परंतु त्या खोलीच्या मानाने फारसे तापले नव्हते. ही तापमानाची गोष्टच मर्माची आहे. एरवी जमिनीत इतके खोल गेल्यावर खडक पुष्कळच अधिक तापावयास हवा. तो तुलनेने थंड राहिला याचा अर्थ तो थंड समुद्रतळाच्या पाटीबरोबर घाईने खाली नेला गेला आणि घाईनेच परत वर आला. सांधा बसताना दोन तुकड्यांच्या चिमटीत सापडलेली ही माती. फेंगाइटात पोटॅशियम असते. त्यातला काही अंश किरणोत्सर्गी असून १२५ कोटी वर्षांत निम्मा, या हिशेबाने तो झिजतो व त्याच्या एका वाट्याचा अर्गॉन वायू होऊन अभ्रकाच्या पापुद्र्यांतच अडकून राहतो. अभ्रक पुरेसे थंड झाले की हा जमाखर्च सुरू होतो. कुमट्याच्या अभ्रकाचा हिशेब सुमारे १३३ कोटी वर्षांचा निघाला, आणि म्हणून कलम बांधले गेले ते त्याच सुमारास, असे ठरविण्यात आले. रोडिनिया नावाचे जे प्राचीन महाखंड पुढे जुळले, त्याच्या जुळणीच्या आरंभीचा हा काळ.

गोव्यातील बोंडला हे नाव शाळेच्या सहलीला गेलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते, ते तेथील प्राण्यांसाठी. त्याच बोंडल्याच्या परिसरात क्रोमाइटयुक्त, काळसर-हिरवे, अतिशय जड असे खडक आहेत. बुडत्या समुद्रतळाच्या वरच्या अंगाला जसे खडक तयार होतात तशी त्यांची रासायनिक लक्षणे असल्याचे याच मंडळींनी पुढे दाखविले. प्राणी पाहून परतणाऱ्या मुलांच्या बसच्या चाकांखाली एका नाहीशा झालेल्या समुद्राचा पुरावा पडलेला आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. मीही सांगितले नव्हते. मला ठाऊकच नव्हते.

एकतर्फी कैफियत ऐकून निकाल देणे बरे नव्हे, म्हणून दुसऱ्या बाजूचे म्हणणेही सांगितले पाहिजे. मादागास्करच्या शिवणीविषयी भूशास्त्रज्ञांत जुना तंटा आहे. ऑस्ट्रेलियाचे अ‍ॅलन कॉलिन्स यांच्या पक्षाने तेथे एक महासागर मिटून शिवण पडल्याचे प्रतिपादन केले, तर अमेरिकेचे रॉबर्ट टकर व त्यांचे सहकारी यांचे म्हणणे असे की, तेथे महासागर नव्हताच. मादागास्करचा तो भाग आणि धारवाड हे सुमारे २५० कोटी वर्षांपासून एकाच मोठ्या भूखंडाचे अवयव आहेत. शिवाय धारवाडच्या पश्चिम भागातही ३०० कोटी वर्षांहून जुने खडक आहेत, तेव्हा कारवारच्या खडकांचे वय ३२० कोटी निघाले एवढ्यावरून ते परके ठरत नाहीत. वयाचा दाखला एकटा पुरेसा नव्हे. माझे स्वतःचे मत, ज्याला या कोर्टात काडीची किंमत नाही, असे की खडकांच्या वयापेक्षा त्या थंड-खोल अभ्रकाची साक्ष अधिक वजनदार आहे. माणूस वय चोरू शकतो, किती खोल पाण्यात उतरला होता ते चोरू शकत नाही. तरी हा दावा अजून निकालात निघालेला नाही, आणि संशयित हे विशेषण कारवार खंडाला तूर्त कायम ठेवणेच न्याय्य होईल.

शिवण कितीही जुनी असो, ती जेथे पडते तेथला कापडाचा भाग जाड होतो. फाटताना मात्र वस्त्र पुष्कळदा शिवणीच्या अगदी शेजारी फाटते. पश्चिम किनाऱ्याचे तसेच झाले असावे असे कुमट्याच्या शिवणीचा सिद्धांत मांडणारी मंडळी म्हणतात. सुमारे ८.५ ते ९ कोटी वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून विलग झाले, आणि फाटण्याची रेघ शिवणीवरून न जाता तिच्या पश्चिमेने गेली. त्यामुळे मादागास्करच्या घराण्यातली एक चिंचोळी पट्टी आपल्याकडेच राहून गेली. वाटणीच्या वेळी भावाच्या हिश्शातले एखादे कलम कुंपणाच्या आमच्या बाजूला राहावे, आणि पुढे सातबाऱ्यावरही आमचेच नाव लागावे, अशातली ही गोष्ट. त्या फाटण्याच्या वेळचा लाव्हा पाहावयाचा असेल तर उडुपीजवळ मालपेच्या समोर सेंट मेरी बेटांवर जावे. तेथे तो षट्कोनी खांबांच्या रूपाने उभा आहे. त्यानंतर सुमारे ६.३ ते ६.५ कोटी वर्षांपूर्वी, सह्याद्री ज्याने घडविला तो लाव्हा वाहत असण्याच्या आसपासच्या काळात, सेशेल्स बेटांचा तुकडाही आपल्यापासून सुटला. जगातल्या बहुतेक समुद्री बेटांवर बेसाल्ट असतो. सेशेल्सच्या मुख्य बेटांवर सुमारे ७५ कोटी वर्षांचा ग्रॅनाइट आहे, कारण ती बेटे समुद्रातून उगवलेली नसून जमिनीतून तुटलेली आहेत.

येथे मॉरिशसची गोष्ट सांगितल्यावाचून माझ्याने पुढे जाववत नाही. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यात तेव्हा वेंगुर्ले आणि मालवणही मोडत, कित्येक मराठी माणसे गिरमिटावर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवितात. ते बेट ज्वालामुखीचे आणि भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी तरुण. त्याचा सर्वात जुना दगड कोटभर वर्षांचाही नाही. परंतु २०१३ मध्ये तेथील किनाऱ्याच्या वाळूत ६६ ते १९७ कोटी वर्षांचे, झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण सापडले, आणि वाळू वाऱ्याने अथवा जहाजाने आली असेल अशी जी शंका घेण्यात आली तिचे उत्तर २०१७ मध्ये लुइस अ‍ॅश्वाल व सहकाऱ्यांनी दिले: बेटावरच्याच सुमारे ५७ लाख वर्षांच्या एका दगडाच्या पोटातून त्यांनी २५० ते ३०० कोटी वर्षांचे झिरकॉन काढून दाखविले. वर येताना लाव्ह्याने ते खालून उचलून आणले होते. भारत व मादागास्कर यांच्या दरम्यान असलेली एक पट्टी ताणली जाऊन, तुटून, मॉरिशसच्या खाली दडलेली आहे, असा त्याचा अर्थ. गिरमिट्यांचे जहाज मुंबई बंदरातून निघाले तेव्हा आपली भूमी मागे सुटली म्हणून ज्यांनी डोळ्यांना पदर लावला असेल, त्यांच्या मुक्कामाच्या पायाखाली आपल्याच भूमीच्या जुन्या शेजारणीचा तुकडा होता. कोणाला त्याचे सांत्वन वाटले असते असे नव्हे.

आणि सुटलेल्या तुकड्यांच्या यादीत भारत स्वतः कसा मोडणार नाही? मादागास्कर व सेशेल्स यांना सोडून तो उत्तरेस निघाला तो काही काळ वर्षाला पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने, जो भूपट्टांच्या चालीने धावतपळतच म्हटला पाहिजे. आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाच्या कडेला जाऊन भिडला. तेथे त्याच्या आधी आलेले उतारू होतेच. ल्हासाचा पट्टा, त्याच्या उत्तरेचे आणखी पट्टे, हे सर्व दक्षिणेच्या गोंडवन नावाच्या प्राचीन महाखंडापासून कधी ना कधी सुटून आशियाला चिकटलेले. सिंधूच्या वरच्या खोऱ्यात कोहिस्तान नावाची संपूर्ण ज्वालामुखी बेटांची माळ दोहोंच्या मध्ये चेंगरून उभी राहिली आहे. आशियाच्या दृष्टीने पाहिले तर आपण दक्षिणेकडून आलेल्या उपऱ्यांच्या रांगेतले शेवटचे व सर्वात अवजड. आमच्यावर मात्र संशयिताचा शिक्का नाही, कारण आमचे मूळ गाव कोणते याविषयी कोणाला शंका उरलेली नाही.

उत्तरेचा तो सांधा अजून ओला आहे. तेथे धरणीकंप होतात ते त्याचेच. कुमट्याचा सांधा सुकून शंभर कोटींहून अधिक वर्षे झाली, आणि त्याच्यावर जांभा चढला, जांभ्यावर नारळी आल्या. वेंगुर्ल्याच्या बाजूलाही खालचे जुने खडक असेच जांभ्याच्या व वाळूच्या गोधडीखाली निजलेले असतात. रेडीच्या लोहखाणीत ती गोधडी उचलली गेल्यामुळे तांबड्या-काळ्या पट्ट्यांचा धारवाडी खडक उघडा पडला, एरवी चिरेखाणीत चार पुरुष खाली गेले तरी जांभ्याखाली काय आहे याची विचारपूस कोणी करीत नाही.

कुमट्याहून आणलेला दगड मी ओटीवर खांबाजवळ ठेवला होता. गेल्या श्रावणात आबा कलमे बांधून, हातपाय धुऊन, चहासाठी ओटीवर टेकले, तेव्हा त्यांची नजर त्यावर गेली. मी त्यांना वरची सर्व हकीकत शक्य तेवढी सोपी करून सांगितली: दोन जमिनी, मधला समुद्र, तो मिटला, जमिनी भिडल्या, आणि ही त्या सांध्याची माती. ते मान हलवीत ऐकत होते. मग त्यांनी दगड उचलला, उजेडाकडे कड धरली, आणि कलमकाडी निवडताना लावतात तसा अंगठा त्या सात वळणांवरून हळूहळू फिरविला.

"सांधो बरो नाय, मास्तरांनू," ते म्हणाले. "बांधूच्या वेळी हालललो दिसता."

दगड होता त्या जागी ठेवून त्यांनी बोटाला लागलेला चंदेरी चुरा पायजम्याला पुसला आणि चहाची बशी तोंडाला लावली.